विंडोज, मॅक की लिनक्स, सोपं कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर नव्याने शिकणाऱ्या किंवा एक सिस्टीम सोडून दुसरीवर जाणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून त्यांना वाट दाखवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ‘सोपं कोणतं’ हा वाद सतत कानावर पडतो, आणि प्रश्नही तेच तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवते. मी तिन्ही सिस्टीम वापरते. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

एका वाक्यात सांगा, तिन्हींत सगळ्यात सोपी कोणती?

तुमच्या हाताला आधीच वळण पडलंय ती.

हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग सांगते. माझी एक सहकारी, पंधरा वर्षं विंडोजवर काम केलेली, पहिल्यांदाच मॅकसमोर बसली. फोल्डरमधला एक फोटो तिने निवडला आणि एंटर दाबलं. फोटो उघडला नाही. फोटोच्या नावाभोवती चौकट आली आणि आतली अक्षरं निळी झाली. तिने पुन्हा एंटर दाबलं, चौकट गेली. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं, चौकट परत आली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, “बिघडलंय का गं हे?”

काहीच बिघडलं नव्हतं. विंडोजमध्ये एंटर म्हणजे ‘उघड’, आणि नाव बदलायला एफ-२. मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली बघायच्या खिडकीत, एंटर म्हणजे ‘नाव बदल’, आणि उघडायला कमांड आणि ओ. दोन्ही पद्धती स्वतःपुरत्या सुसंगत आहेत. पण तिच्या बोटांनी पंधरा वर्षांत हजारो वेळा जे केलं होतं ते त्या क्षणी चुकीचं ठरलं, आणि तिला वाटलं, चूक यंत्राची आहे. ‘अमुक सिस्टीम अवघड आहे’ या तक्रारीतला मोठा भाग इथून येतो.

मग ‘सोपं’ असं काही खरोखर असतं का, की सगळा सवयीचाच खेळ?

असतं, आणि ते मोजताही येतं. वापरसुलभतेचं एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ९२४१-११. ते १९९८ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात: काम पुरं झालं का, त्यासाठी किती खटाटोप पडला, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का. पण त्याच व्याख्येत एक अट घातलेली आहे, आणि नेमकी तीच वाद घालताना सगळे विसरतात. कोण वापरतंय, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे ठरवल्याशिवाय या तिन्हींना अर्थ नाही.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये याच कल्पनेचे पाच भाग केले: शिकायला सोपं, सरावानंतर जलद, मधे खंड पडला तरी लक्षात राहणारं, चुका कमी होतील आणि झाल्या तर सावरता येतील असं, आणि वापरायला सुखावह. पहिले दोन भाग कित्येकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. पहिल्या दिवशी सोपं वाटणारं वर्षभराने संथ वाटू लागतं, आणि पहिल्या दिवशी रडवणारं नंतर हातचं सोडवत नाही. एक जण पहिल्या दिवसाबद्दल बोलत असतो, दुसरा पाचव्या वर्षाबद्दल. दोघंही ‘सोपं’ हाच शब्द वापरतात आणि तासभर भांडतात.

माउस आणि खिडक्या आधी कुणी आणल्या, मॅकने की विंडोजने?

दोघांनीही नाही. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये माउस जाहीर प्रात्यक्षिकात दाखवला. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ऑल्टो हा खिडक्या आणि माउस असलेला कॉम्प्युटर तयार झाला, आणि १९८१ मध्ये झेरॉक्सनेच स्टार बाजारात आणला. ॲपलचा लिसा १९८३ चा, मॅकिंटॉश जानेवारी १९८४ चा. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ ची, आणि तिच्यात खिडक्या एकीवर एक येत नसत, फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसत. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि तो हरला.

मला यातला एक तपशील फार बोलका वाटतो. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या. कर्सर हलवायचा तर माउसला हात लावावाच लागे. म्हणजे ‘सोपेपणा’ आपोआप उगवलेला नाही, तो ठरवून लोकांच्या हातात घातला गेला. विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये आलेल्या सॉलिटेअरने तेच काम गोडीगुलाबीने केलं. एक पत्ता पकडून दुसऱ्यावर नेऊन सोडता सोडता कित्येकांचा माउसवर हात बसला.

टाइप करून आज्ञा देणारे म्हणतात की तेच खरं जलद. यात तथ्य आहे?

आहे, कामागणिक. समोर दिसलेलं ओळखणं आणि काही न दिसता आठवणं या दोन वेगळ्या मेहनती आहेत. मेनू पहिल्या प्रकारावर चालतो, म्हणून नवख्याला तो आधार देतो. कमांड लाइनला सगळं आठवावं लागतं. पण चारशे फोटोंच्या नावापुढे तारीख लावायची असेल तर एक ओळ लिहून जे होतं ते एकेका फोटोवर क्लिक करून करण्यात अख्खी दुपार जाते. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८३ मध्ये ‘थेट हाताळणी’ ही कल्पना मांडली. वस्तू समोर दिसावी, ती धरून हलवावी, परिणाम लगेच दिसावा आणि तो उलटवता यावा. एका फोटोसाठी याहून चांगलं काही नाही. चारशेंसाठी मात्र हात दुखतो.

मॅकचा मेनू नेहमी पडद्याच्या माथ्यावर असतो, विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीत. यात बरं काय?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे वाद पुढे सरकवणारं काहीतरी ठोस हाती लागतं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. आता पडद्याची कड बघा. माउस कितीही जोरात वर ढकला, पॉइंटर कडेवर जाऊन थांबतो. त्यामुळे कडेला चिकटलेला मेनू दिसायला पट्टीएवढा असला तरी हाताच्या दृष्टीने खूप उंच असतो. नेम धरावा लागत नाही, नुसतं वर ढकललं की झालं. खिडकीतल्या मेनूपाशी मात्र वेग कमी करून अलगद थांबावं लागतं.

म्हणजे मॅक जिंकला? लहान पडद्यावर, हो. पण पडदा मोठा झाला आणि खिडकी खालच्या कोपऱ्यात असली की तोच मेनू हातभर लांब जातो. शिवाय नजर एका खिडकीवर आणि मेनू भलत्याच प्रोग्रामचा, असा गोंधळ मी आठवड्यातून दोनदा तरी पाहते. विंडोजलाही कडेचा फायदा मिळतोच. खिडकी पूर्ण पडदाभर मोठी केली की बंद करायची फुली अगदी कोपऱ्यात जाते, आणि कोपरा तर दोन कडांचा. डोळे मिटून मारली तरी लागते. माझ्या मते लॅपटॉपवर मॅकची मांडणी सरस आहे, मोठ्या किंवा दोन पडद्यांवर विंडोजची.

कॉपी-पेस्टसाठी कंट्रोल बरं की कमांड?

नवख्याला काहीच फरक पडत नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, वापरणाऱ्याला पडतो. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी म्हणजे ‘चालू काम थांबव’ असा फार जुना संकेत आहे. लिनक्सवर म्हणून तिथे कॉपीसाठी शिफ्टही दाबावं लागतं. मॅकवर कमांड ही वेगळीच कळ असल्याने ही टक्कर होत नाही, आणि ही गोष्ट मॅकच्या बाजूने मी मोकळेपणाने मान्य करते. एक जुनी वाट अजून उघडी आहे: आयबीएमने १९८७ मध्ये घालून दिलेल्या संकेतांतले कंट्रोल-इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट हे विंडोजवर आजही बऱ्याच ठिकाणी चालतात.

मॅकवर खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो. ही चूक आहे का?

नाही. मॅकमध्ये प्रोग्राम आणि त्याची खिडकी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू. कमांड-टॅबने प्रोग्राम बदलतात आणि विंडोजवर ऑल्ट-टॅबने खिडक्या बदलतात, तेही याच कारणाने. हे एकदा समजलं की अर्धी चिडचिड जाते.

चुकून फाइल गेली तर? मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

भीती रास्त आहे. तुम्ही कोणती सिस्टीम घ्यावी हे ठरवताना मी याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन देईन. माणूस शिकतो तो इकडेतिकडे हात घालून बघत. हात घातला आणि काही गेलं तर परत मिळेल असा भरवसा नसेल तर तो हात घालायचंच सोडतो, आणि मग वर्षानुवर्षं त्याच चार बटणांपाशी अडकून राहतो. मी असे लोक पाहिले आहेत. त्यांची बुद्धी कमी नसते, त्यांना एकदा कधीतरी जबर चटका बसलेला असतो.

तिन्हींत टाकलेली फाइल आधी कचरापेटीत जाते, आणि फाइल भलतीकडे हलवली तर तिथल्या तिथे ‘अनडू’ करता येतं. विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-झेड, मॅकवर कमांड-झेड. फाइलींच्या बाबतीतही हे चालतं हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. विंडोजवर पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उडवलेली फाइल मात्र बहुधा थेट जाते, तिथे दोनदा बघा.

सिस्टीम बदलणाऱ्याने एक फरक तर पाठच करावा. एखाद्या ठिकाणी ‘फोटो’ नावाचा फोल्डर आहे आणि तुम्ही त्याच नावाचा दुसरा फोल्डर तिथे आणून टाकलात. विंडोज दोन्हींमधल्या फाइली एकत्र करायला घेतं. मॅकवर ‘रिप्लेस’ निवडलं तर जुना फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसकट जातो आणि नवा त्याच्या जागी येतो. शब्दाचा अर्थ तोच आहे, ‘बदला’. पण विंडोजच्या सवयीने कुणी तो न वाचता दाबला तर महागात पडतं.

बटणांवरच्या शब्दांत मात्र मॅकचं वळण मला पूर्वीपासून बरं वाटत आलंय. ‘बदल जतन करायचे का?’ या प्रश्नाखाली ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिण्यापेक्षा ‘सेव्ह’ आणि ‘डोन्ट सेव्ह’ लिहिलं की घाईत प्रश्न न वाचणाराही वाचतो. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्राम्सनी पुढे हेच उचललं, आणि ते योग्यच झालं.

लिनक्स अवघड आहे हे अजून खरं आहे का?

रोजच्या वापरापुरतं म्हणाल तर नाही. ब्राउझर उघडणं, पत्र लिहिणं, फोटो बघणं यांत लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर बसलेल्या माणसाला विंडोजपेक्षा जास्त अडचण येताना मी पाहिलेली नाही. उलट प्रोग्राम टाकणं तिथे सरळ आहे. एकाच ठिकाणी शोधा, बटण दाबा, आणि अपडेटही सगळ्यांचे एकत्र.

घोडं अडतं ते दोन ठिकाणी. बहुतेक कॉम्प्युटर विंडोज किंवा मॅकओएस घालूनच येतात, लिनक्स स्वतः बसवावं लागतं. वाय-फाय किंवा प्रिंटरने साथ दिली नाही तर नवखा पहिल्याच दिवशी हरतो. विंडोज रिकाम्या यंत्रावर स्वतः बसवायला सांगितलं तर किती जण ते सोपं म्हणतील, हाही विचार करावा. ही तुलना बरेचदा असमान असते.

दुसरी अडचण मदतीची. कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘टर्मिनल उघडा आणि ही ओळ चिकटवा’. नवख्याला वाटतं, टर्मिनलशिवाय लिनक्स चालतच नाही. खरं कारण वेगळं आहे. केडीई, ग्नोम, सिनामन अशा प्रत्येक डेस्कटॉपची मांडणी निराळी, त्यामुळे ‘इथे क्लिक करा, मग तिथे’ असं सर्वांना लागू पडेल असं सांगता येत नाही. लिहिलेली आज्ञा बहुतेक ठिकाणी चालते. सांगणाऱ्याला ते सोपं, ऐकणाऱ्याला धास्तीचं. मदत करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ओळ द्या, पण ती काय करते हेही एका वाक्यात सांगा. आणि ‘सुडो’ने, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी ओळ न समजता कुणीही चिकटवू नये.

प्रत्येक नव्या आवृत्तीत सगळं हलवून का ठेवतात?

या प्रश्नावर मी शांत राहू शकत नाही. विंडोज ९५ ने १९९५ मध्ये स्टार्ट बटण दिलं, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते काढून टाकलं. वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. विंडोज ११ ने उजव्या क्लिकचा मेनू आखडून अर्धे पर्याय ‘आणखी पर्याय’च्या आड ढकलले. मॅकने २०११ मध्ये स्क्रोलची दिशाच उलटी केली, आणि २०२२ मध्ये सेटिंगची खिडकी नव्याने रचली. लिनक्सच्या ग्नोमने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत डेस्कटॉप मुळापासून बदलला आणि वापरणाऱ्यांत फाटाफूट झाली. कुणीच यातून सुटलेलं नाही.

बदलांमागे कारणं असतात. टच पडदे आले, पडदे मोठे झाले, जुन्या मेनूंत इतकी भर पडली की काही सापडेना. पण बदलाची किंमत कोण भरतं? दोन महिने राबून हिशेबाचा प्रोग्राम शिकलेल्या एका बाईंना मी एका सकाळी पडद्याकडे बघत बसलेलं पाहिलंय. रात्री अपडेट झालं होतं आणि ‘छापा’चं बटण डावीकडून उजवीकडे गेलं होतं. त्यांनी वहीत चित्र काढून ठेवलं होतं, प्रत्येक बटणाची जागा पेन्सिलने आखून. ती वही त्या दिवशी निकामी झाली. शिकलेलं हे त्या माणसाचं धन आहे, आणि कोणत्याही कंपनीने ते विचारल्याशिवाय खर्चू नये असं मला मनापासून वाटतं. जुनी मांडणी निदान काही वर्षं तरी निवडता आली पाहिजे.

आई-वडिलांना पहिल्यांदाच कॉम्प्युटर शिकवायचाय. काय घ्यावं?

अडलं की ते ज्याला फोन करणार आहेत त्याच्याकडे जी सिस्टीम आहे, ती. ‘बाबा, खाली डावीकडे काय दिसतंय?’ असं विचारताना तुमच्यासमोर तेच चित्र हवं. बाकी सगळे मुद्दे यानंतरचे.

सिस्टीम कोणतीही असो, खरी अडचण डबल क्लिकची असते. दोन टिचक्यांच्या मधे हात किंचित सरकतो आणि आयकॉन उघडण्याऐवजी घसरतो. डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये कमी करा. विंडोजवर तर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, डबल क्लिकची गरजच उरत नाही. अक्षरं आणि पॉइंटर पहिल्याच दिवशी मोठे करून द्या, त्यांनी मागण्याची वाट बघू नका. ते मागत नाहीत.

दिसत नसलेल्यांसाठी कोणतं सोपं?

पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम तिन्हींवर आहे. विंडोजवर नॅरेटर २००० पासून, मॅकवर व्हॉइसओव्हर २००५ पासून, लिनक्सवर ऑर्का. शिवाय विंडोजसाठी एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम २००६ पासून आहे. इथे निर्णय वापरणाऱ्या माणसालाच करू द्यावा, डोळसांच्या वादाचा त्याला उपयोग नाही.

देवनागरीत लिहायला?

इनस्क्रिप्ट मांडणी तिन्हींवर मिळते. एकदा बोटं बसली की सिस्टीम बदलली तरी मराठी टायपिंग पुन्हा शिकावं लागत नाही. इतकी सरळ गोष्ट या सगळ्या वादात दुसरी नाही.

मित्र म्हणतो, ‘मला तर कधीच काही अडलं नाही.’ त्याला काय सांगू?

तो खोटं बोलत नाही, तो विसरलाय. ज्याला सायकल येते त्याला पडल्याचे दिवस आठवत नाहीत. शिवाय आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या सिस्टीमची खोड ‘सवय होईल’ म्हणून सोडून देतो आणि समोरच्याची ‘दोष’ म्हणून धरतो. त्याला एक दिवस दुसरी सिस्टीम वापरायला द्या आणि शेजारी बसा.

आम्हाला स्वतः तुलना करून बघायची आहे. कशी करावी?

तुम्ही खरोखर करता अशी पाच कामं कागदावर लिहा. फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेणं, एक पान छापणं, उडवलेली फाइल परत आणणं, नवीन प्रोग्राम टाकून काढून टाकणं, अक्षरं मोठी करणं, अशी काहीतरी. ‘ब्राउझर उघडणं’ ठेवू नका, त्यात फरक दिसत नाही.

दोन्ही सिस्टीमवर तीच कामं, त्याच क्रमाने. करणाऱ्याने मोठ्याने बोलत करावं, ‘आता मी हे शोधतेय’, ‘हे इथे असेल असं वाटलं होतं’. बघणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात कठीण आहे, मला आजही जमायला वेळ लागतो. हात कुठे थांबला, कुठे मागे आला, कोणता शब्द दोनदा वाचला, एवढंच टिपायचं.

मग जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली भरून घ्या. प्रत्येक वाक्याशी किती सहमत ते एक ते पाचमध्ये सांगायचं असतं, एक वाक्य बाजूचं आणि पुढचं विरोधाचं, म्हणजे डोळे झाकून खुणा करता येत नाहीत. गुण शंभरपैकी निघतात, पण ते टक्के समजू नका.

नवीन सिस्टीम पंधरा दिवस रोज वापरा आणि सोळाव्या दिवशी तीच पाच कामं पुन्हा करा. पहिल्या दिवसाचा कागद तोपर्यंत करणाऱ्याला दाखवू नका.